साठवणीतले धान्य: ओलावा, कीड, बुरशी आणि उंदीर (सविस्तर धागा)

कणगी

धान्याला कीड लागली की पहिला प्रश्न येतो, "यात काय टाकू?" पाला, राख, पावडर, गोळ्या अशी उत्तरांची रांग लागते. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की कोठीत भरताना दाण्यात ओलावा किती होता आणि दाणा थंड होता की उन्हातून गरम उचलून भरला? याचे उत्तर नीट नसेल तर वरून काहीही टाकले तरी सहा महिने निघत नाहीत.

सुरुवातीला आकडे देऊन ठेवतो. बराच काळ ठेवायचे असेल तर गहू, ज्वारी, मका १२ टक्क्यांच्या आसपास. भात आणि तांदूळ १३ पर्यंत चालतो. हरभरा, तूर, मूग, चवळी ९ ते १० टक्के. सोयाबीन १० ते ११. शेंगदाणा ७ टक्के, शेंगेसकट ८ ते ९.

तेलबियांचा आकडा एवढा कमी का, हे समजून घ्या, म्हणजे तो पाठ करावा लागत नाही. तेल पाणी धरत नाही. दाण्यातला सगळा ओलावा तेल सोडून उरलेल्या भागात असतो. शेंगदाण्याच्या कोरड्या वजनात निम्म्याच्या जवळपास तेल धरले, तर ७ टक्के ओलावा म्हणजे त्या उरलेल्या भागापुरता १२-१३ टक्के होतो. गव्हाच्या आकड्याशी तो जुळतो. बुरशीला दोन्हीकडे सारखेच पाणी मिळते. म्हणून "गहू १२ वर टिकतो तर शेंगदाणाही टिकेल" हा हिशोब चुकतो.

काढणीनंतरच्या सगळ्या टप्प्यांवर इथे लिहू या. ज्यांना जो भाग नीट माहीत आहे त्यांनी तो भरावा. प्रमाण, वेळ, तापमान यांसकट लिहिलेत तर वाचणाऱ्याला उपयोग होईल.

उफणणी

वाळवण्यापासून सुरू करतो.

पसरताना थर ४ ते ५ सेंटिमीटरचा, त्याहून जाड नको. जाड थरात वरचे दाणे कडक वाळतात, खालचे घाम सुटल्यासारखे ओले राहतात आणि ओलावा मोजणाऱ्या मीटरवर सरासरी मात्र बरी दिसते. दर अर्ध्या तासाने दाताळ्याने किंवा पायाने ओळी पाडून उलथायचे. ओळीची दिशा प्रत्येक वेळी बदलली तर एकही भाग उन्हावाचून राहत नाही. खाली ताडपत्री हवीच. उघड्या जमिनीतून ओल वर येते आणि मातीबरोबर बुरशीचे बीजाणूही मिसळतात, शेंगांच्या बाबतीत तर विशेष. ऊन कलायच्या आत ढीग करून झाकायचे. रात्रभर पसरलेले ठेवले तर दवाने दिवसभराची कमाई जाते आणि पुन्हा ओले-सुके होण्याने तांदूळ, मका यांच्या दाण्याला आतून चिरा पडतात. चिरलेला दाणा किडीला सोपा.

यंत्राने गरम हवा देत असाल तर बियाण्यासाठी दाण्याचे तापमान ४३ अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही. ओल्या दाण्यातला अंकुर त्यापुढे मरतो. दळायच्या धान्याला जास्त चालते, पण घाईने वाळवले तर दाणा बाहेरून कडक आणि आत ओला राहतो. असे धान्य आठ दहा तास झाकून ठेवा आणि मग पुन्हा मोजा. आतला ओलावा बाहेर येऊन आकडा वाढलेला दिसेल.

वजनातली घट आधीच काढून ठेवावी म्हणजे नंतर "धान्य गेले कुठे" हा प्रश्न पडत नाही. सुरुवातीचे वजन गुणिले (१०० वजा सुरुवातीचा ओलावा) भागिले (१०० वजा शेवटचा ओलावा). म्हणजे १८ टक्क्यांचे १०० किलो धान्य १२ टक्क्यांवर आणले की ८२ भागिले ८८, सुमारे ९३.२ किलो उरते. जवळजवळ ७ किलो पाणी गेले. तेच पाणी पोत्यात राहिले असते तर काय झाले असते, याचा अंदाज यावरून येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचे: संध्याकाळी सावलीत थंड करून मगच भरायचे.

रानवाट

मीटर नसेल तर? दाताखाली कडकन फुटला की वाळला, असे धरून चालेल का?

उफणणी

दाताची परीक्षा कच्ची आहे. १५ टक्क्यांचा मकासुद्धा कडक लागतो. मिठाची परीक्षा तिच्याहून भरवशाची. पाऊण लिटरची काचेची बाटली आतून पूर्ण कोरडी करा. मीठ तव्यावर किंवा कडक उन्हात वाळवून मोकळे करून घ्या. बाटली एक तृतीयांश धान्याने भरा, त्यात दोन तीन मोठे चमचे मीठ टाका, बूच लावून मिनिटभर जोरात हलवा आणि पंधरा मिनिटे ठेवा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे. चिकटले नाही तर त्याच्या खाली आहे, एवढेच कळते. १५ आणि १२ मधला फरक ही बाटली सांगत नाही. म्हणून मीठ चिकटायचे थांबल्यावर आणखी एक दोन कडक उन्हे द्यायची. तेलबिया आणि कडधान्यांना ही परीक्षा अपुरी आहे, कारण त्यांची सुरक्षित पातळी बरीच खाली आहे. त्यांच्यासाठी मीटरच हवा, आणि मीटरवर त्या त्या पिकाची सेटिंग निवडायला विसरू नका. गव्हाच्या सेटिंगवर हरभरा मोजला तर आकडा निरर्थक येतो.

चाळण

थंड करून भरण्याचा मुद्दा का महत्त्वाचा, ते लिहितो, कारण पत्र्याच्या कोठीत वरचा थर कुजण्याचे निम्मे प्रकार यातूनच होतात.

कोठीच्या मध्यभागी धान्य गरम राहते, कारण दाण्यातून उष्णता फार हळू जाते. बाहेर रात्री थंडी पडली की पत्रा आणि त्याला टेकलेले दाणे थंड होतात. थंड हवा कडेने खाली उतरते, मधली उबदार हवा ओलावा घेऊन वर चढते, झाकणाखाली येते आणि तिथे तिचे पाणी होते. महिनाभराने झाकण काढले तर वरचे चार बोटे धान्य चिकटून पापुद्रा झालेले, वास येणारे, कधी मोड आलेले. वरून पाणी कुठून शिरले हे माणूस शोधत बसतो, आणि पाणी तर धान्यातलेच असते.

उपाय तीन. पुरेसे वाळवणे, थंड करून भरणे, आणि कोठी अशा जागी ठेवणे जिथे एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला सावली असा प्रकार होत नाही. कोठी भिंतीला टेकवू नका, थेट फरशीवरही ठेवू नका.

भरण्याआधी चाळणे आणि पाखडणे हाही कीडनियंत्रणाचाच भाग आहे. फुटके दाणे, पीठ आणि काडीकचरा यांवर पिठातला तांबडा भुंगेरा वाढतो. अख्ख्या, निरोगी दाण्याचे तो फारसे काही बिघडवू शकत नाही. कचरा जिथे साचतो तिथे दाण्यांमधली हवेची जागाही बुजते आणि तो भाग गरम होत जातो.

रानवाट

एक गोंधळ दूर करा कृपया. एकीकडे वाचायला मिळते, हवा खेळती ठेवा, गोणपाटात ठेवा, खिडक्या उघडा. दुसरीकडे सांगतात हवाबंद ठेवा. दोन्ही एकाच वेळी बरोबर कसे असेल?

कणगी

दोन्ही बरोबर आहे, फक्त वेगवेगळ्या धान्यासाठी. दाण्यात जास्तीचा ओलावा असेल तर त्याला बाहेर जायला वाट हवी, म्हणून खेळती हवा. दाणा पूर्ण वाळला असेल तर बाहेरचा ओलावा आणि कीड आत यायला नको, म्हणून हवाबंद. अर्धवट वाळलेले धान्य हवाबंद केले तर ते आंबते, आंबूस वास येतो आणि बियाणे असेल तर उगवणही जाते. उलट कडक वाळवलेले धान्य पावसाळी हवेत गोणपाटात उघडे ठेवले तर ते हवेतून ओलावा परत ओढून घेते. हवेची सापेक्ष आर्द्रता बराच काळ ७० टक्क्यांवर राहिली की तृणधान्य १४ टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबते, आधी तुम्ही ते कितीही वाळवलेले असो.

खिडक्यांचा नियमही हाच. बाहेर कोरडी, थंड हवा असेल तेव्हा कोठार उघडा. पावसाळी, दमट दिवशी बंद ठेवा. "रोज सकाळी दारे उघडायची" असा ठरीव नियम केला तर दमट दिवसांत त्याने नुकसान होते.

घट्टझाकण

हवाबंद साठवणुकीवर थोडे विस्ताराने. रसायन न वापरता वर्षभर धान्य टिकवण्याचा मला हा सर्वात भरवशाचा मार्ग वाटतो.

तत्त्व सोपे आहे. आत राहिलेले किडे, अळ्या आणि स्वतः धान्य श्वसन करते, ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून उतरत जातो. ५ टक्क्यांच्या खाली गेला की किडे खाणे थांबवतात, वाढ खुंटते आणि बहुतेक सुकून मरतात, कारण पाणीही त्यांना अन्नाच्या पचनातूनच मिळत असते. यात विष काही नाही, फक्त हवा आत येता कामा नये.

म्हणून पिंप काठोकाठ भरायचे. हिशोब करून दाखवतो. २०० लिटरच्या पिंपात गहू साधारण १५० किलो मावतो. दाण्यांमधली पोकळी अंदाजे ४० टक्के, म्हणजे ८० लिटर हवा, त्यात ऑक्सिजन सुमारे १७ लिटर. तेच पिंप अर्धे भरले तर धान्यातली ४० लिटर अधिक वरची १०० लिटर, अशी १४० लिटर हवा, म्हणजे २९ लिटर ऑक्सिजन, आणि तोही निम्म्या धान्यासाठी. दर किलोमागे साडेतीन पट प्राणवायू किड्यांना मिळतो. तेवढा संपेपर्यंत एखादी पिढी सहज निघून जाते. रोज उघडून वाटीभर काढायचे पिंप हवाबंद धरूच नका. रोजच्या वापराचे वेगळे लहान डब्यात काढा आणि मोठे बंद राहू द्या.

तीन पदरी पिशव्याही याच तत्त्वावर चालतात. आत ८० मायक्रॉनच्या दोन पॉलिथिन पिशव्या, बाहेर विणलेले पोते. हा प्रकार पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅमेरूनमध्ये चवळीसाठी १९८० च्या दशकात विकसित केला, आता मका आणि इतर धान्यांसाठीही वापरतात. भरण्याची पद्धत अशी: दोन्ही प्लास्टिक पिशव्यांत आधी हवा भरून दाबून बघा, सूं आवाज येत असेल तर ती बाजूला टाका. आतली पिशवी भरताना मधूनमधून आपटून धान्य बसवत जा. वर २५-३० सेंटिमीटर मान मोकळी सोडा. हवा दाबून काढा, मान घट्ट पिळा, दुमडा आणि रबराच्या पट्टीने किंवा सुतळीने करकचून बांधा. मग दुसरी पिशवी तशीच, मग पोते. पहिला महिना-दीड महिना उघडायचे नाही.

बिघडते कुठे? टोकदार काडी किंवा भुईमुगाच्या शेंगेचे टोक आतून भोक पाडते. भुंगेरा आतली पिशवी कधीकधी कुरतडतो, म्हणूनच दुसरी पिशवी असते. उंदीर बाहेरून फाडतो. आणि पिळलेली मान दुमडायची राहून जाते, नुसतीच बांधली जाते.

भुंगेरा_तज्ज्ञ

कीड ओळखल्याशिवाय उपाय ठरवू नये, म्हणून मुख्य मंडळींची ओळख.

सोंडकिडा, ज्याला टोके किंवा पोरकिडा म्हणतात. लहान, गडद तपकिरी, पुढे सोंड. मादी दाण्याला बारीक खड्डा पाडते, आत अंडे घालते आणि खड्डा चिकट द्रवाने बुजवते. बाहेरून काहीच दिसत नाही. अळी, कोष सगळे दाण्याच्या आत. ३० अंशांच्या आसपास महिना-सव्वा महिन्यात नवा किडा दाणा फोडून बाहेर येतो. एक मादी ३०० च्या वर अंडी घालू शकते. अनुकूल तापमान आणि ओलावा मिळाला तर संख्या महिन्याला सुमारे २५ पट होते. म्हणजे आज पोत्यात ४० असतील तर महिन्याने हजार, दोन महिन्यांनी पंचवीस हजार. "थोडेच आहेत, नंतर बघू" याला इथे जागा नाही.

दाणे पोखरणारा लहान भुंगेरा: नळीसारखा, डोके खाली वळलेले. पीठ खूप पाडतो. पोत्याच्या शिवणीतून पीठ गळताना दिसले तर संशय याच्यावर घ्यावा.

खापरा भुंगेरा: यात नुकसान अळी करते. केसाळ, तांबूस अळी, आणि वरच्या थरात तिच्या कातींचा खच. अन्न नसले किंवा गर्दी झाली की ती भिंतीच्या फटीत, पोत्याच्या दुहेरी शिवणीत जाऊन सुप्तावस्थेत बसते आणि तशी वर्षानुवर्षे जिवंत राहू शकते. रिकामे कोठार स्वच्छ दिसते, नवे धान्य भरले की महिन्यात अळ्या हजर. याच्याविरुद्ध सगळ्यात मोठे काम धान्य भरण्याआधी करायचे असते. फटी खरवडून साफ करायच्या, सिमेंटने बुजवायच्या, झाडलेला कचरा कोपऱ्यात न ठेवता जाळायचा.

कडधान्यातला भुंगेरा: दाण्यावर पांढरा टिपका दिसतो, ते चिकटवलेले अंडे. अळी तिथूनच आत शिरते. प्रौढ भुंगेरा काही खात नाही, दहा बारा दिवस जगतो आणि तेवढ्यात शंभरेक अंडी घालतो. मुख्य मुद्दा असा की याची सुरुवात बहुतेक वेळा शेतात, पिकणाऱ्या शेंगेवर होते. कोठार कितीही स्वच्छ असले तरी कीड धान्याबरोबर घरात येते. म्हणून कडधान्यावर उपाय भरण्याआधीच करायचा, कीड दिसण्याची वाट पाहायची नाही.

पतंगांची कीड (जाळी, गोळे) मुख्यतः वरच्या काही सेंटिमीटरच्या थरात असते. वरचा थर काढून, झाकून, घट्ट केला की तिचा जोर बराच उतरतो.

शेंगदाणी

कडधान्यासाठी उन्हाचा उपाय असा. जमिनीवर काहीतरी उष्णता अडवणारे (पेंढा, जुनी गोणपाटे) अंथरा, त्यावर काळे प्लास्टिक, त्यावर दाण्यांचा २-३ सेंटिमीटर थर, वरून पारदर्शक प्लास्टिक आणि चारही कडा दुमडून दगडांनी दाबून बंद. कडक उन्हात आत ५७ अंश तापमान तासभर टिकले तर अंडी, अळी, कोष, प्रौढ, सगळे मरते. वाळलेल्या दाण्याच्या उगवणीला त्याने धोका पोहोचत नाही. कडेचा भाग मधल्या भागापेक्षा थंड असतो, म्हणून वेळ मोजायची ती कडेजवळ ठेवलेल्या तापमापकावर.

नुसते उघड्यावर ऊन दाखवले तर प्रौढ भुंगेरे उडून सावलीत जातात आणि अळ्या आत जशाच्या तशा राहतात. कीड गेली असे वाटते, पंधरा दिवसांत पुन्हा भुंगे निघतात.

दुसरे: खायच्या कडधान्याची डाळ करून ठेवणे. हा भुंगेरा अख्ख्या दाण्यात वाढतो, फुटलेल्या डाळीत त्याला नीट वाढता येत नाही.

बियाणे_घरचे

+१. बियाण्यासाठी तेलाचा हातही उपयोगी आहे. किलोला ५ ते १० मिलिलिटर खाद्यतेल, दाण्यांवर सगळीकडे पातळ थर बसेपर्यंत चोळायचे. अंड्याला श्वास घेता येत नाही, म्हणून ते मरते. पण जास्त तेल लावले तर उगवण घटते आणि खूप महिन्यांनी तेल खवट होते, त्यामुळे पुढच्या हंगामापुरतेच ठेवायचे बियाणे असेल तरच.

बियाण्याबद्दल एक ठोकताळा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ओलावा ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असताना दर १ टक्का ओलावा कमी केला की बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. तापमान दर ५ अंशांनी उतरवले तरी तसेच. म्हणजे बियाण्याला खायच्या धान्याहून एक दोन टक्के जास्त वाळवण्यात घातलेला दिवस फुकट जात नाही.

रानवाट

कडुनिंबाचा पाला, राख, बोरिक पावडर यांवरही लिहा. अनेकजण विचारतात.

चाळण

पाला: काही किडे वासाने थोडे दूर राहतात, मारण्याची ताकद मात्र नाही. सावलीत पूर्ण वाळवलेलाच टाका. हिरवा किंवा अर्धओला पाला म्हणजे पोत्यात स्वतःच्या हाताने ओलावा घालणे, आणि तिथूनच बुरशी धरते. निंबोळीची पूड पाल्यापेक्षा प्रभावी, बियाण्याला १०० किलोमागे एक दोन किलो. कडवटपणा राहतो म्हणून खायच्या धान्याला नको.

राख: चाळलेली, कोरडी राख दाण्यांमधल्या पोकळ्या भरते आणि किड्यांची हालचाल अडवते. चिमूटभर टाकून काही होत नाही, भरपूर लागते. थोड्या प्रमाणातल्या बियाण्याला ठीक.

डायटोमेशियस अर्थ ही यांतली मला पटणारी पावडर. सूक्ष्म शैवालांच्या सिलिकायुक्त अवशेषांची असते, किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर शोषून घेते, मग शरीरातले पाणी उडून किडा मरतो. धान्यात वापरायला मान्यता असलेलाच प्रकार घ्या (जलतरण तलावाच्या गाळणीचा वेगळा असतो आणि फुफ्फुसाला घातक), प्रमाण टनाला साधारण अर्धा ते एक किलो, नेमके लेबलवर पाहा. मिसळताना नाकतोंड झाका. धान्य ओले असेल तर हिचा परिणाम जवळपास संपतो. पुन्हा ओलाव्यावरच आलो.

बोरिक पावडर आणि पाऱ्याच्या गोळ्या खाण्याच्या धान्यात नकोतच. दोन्ही विषारी आहेत. धुऊन सगळे जाते हा समज चुकीचा आहे, आणि घरात लहान मुले असतील तर धोका कितीतरी जास्त.

धुरी_प्रशिक्षित

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर ॲल्युमिनियम फॉस्फाइडबद्दल स्पष्ट लिहितो. राहत्या घरात, घराला लागून असलेल्या खोलीत, घरातल्या कोठीत ही गोळी कधीही वापरू नका. ३ ग्रॅमच्या गोळीतून १ ग्रॅम फॉस्फिन वायू निघतो. तो भिंतीच्या फटींतून, छताच्या पोकळीतून शेजारच्या खोलीत जातो. झोपेत माणसे दगावतात. त्याला उतारा नाही. लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास येतो, पण वास आला नाही म्हणजे वायू नाही असे धरता येत नाही. डोके दुखणे, मळमळ, छातीत दडपण, खोकला यांपैकी काहीही जाणवले तर ताबडतोब मोकळ्या हवेत या आणि दवाखान्यात जाऊन "फॉस्फिन" असे नाव घेऊन सांगा. गोळ्यांवर पाणी पडू देऊ नका, वायू एकदम सुटतो आणि पेटही घेतो.

हे काम परवाना आणि प्रशिक्षण असलेल्यांनी, वायूमापक यंत्र आणि योग्य मुखवटा घेऊन, वेगळ्या इमारतीत किंवा थप्पीवर वायुरोधक चादर टाकून करायचे असते.

"गोळी टाकली तरी महिन्याने पुन्हा किडे, औषध बनावट" अशी तक्रार वारंवार येते. बहुतेक वेळा औषध ठीक असते. अंडी आणि कोष फार कमी श्वसन करतात, त्यामुळे त्यांच्या शरीरात वायू कमी जातो. अळ्या आणि प्रौढ दोन दिवसांत मरतात, पण अंडी-कोष मारायला पुरेशी मात्रा सलग पाच सात दिवस किंवा जास्त टिकावी लागते, थंडीत आणखी वेळ. चादरीला भोके असतील, कडा वाळूच्या पिशव्यांनी नीट दाबल्या नसतील तर मात्रा दुसऱ्याच दिवशी उतरते. उरलेले कोष फुटून नवे किडे येतात. आणि अशा अर्धवट धुरीतून वाचलेल्यांचीच पुढची पिढी फॉस्फिनला दाद देईनाशी होते. दाणे पोखरणाऱ्या लहान भुंगेऱ्यात अशी प्रतिकारशक्ती जगभर आढळली आहे. जास्त गोळ्या टाकणे हा यावरचा उपाय नव्हे, गळती थांबवणे हा आहे.

शिवाय धुरीचा असर मागे राहत नाही. चादर काढल्यावर दुसऱ्या दिवशी बाहेरून कीड आली तर तिला अडवणारे काही नसते.

कणगी

हे वर चिकटवून ठेवावे असे लिहिले आहे. धन्यवाद.

उंदरांवर कुणी लिहील का? पोत्यांच्या मांडणीसकट.

थप्पी

पोती जमिनीपासून १५ सेंटिमीटर उंच लाकडी चौकटीवर, भिंतीपासून निदान अर्धा मीटर लांब. हे अंतर ओलीसाठी आहेच, पण उंदराला भिंतीकडेने लपत फिरायला आवडते, आणि तिथे माणसाला फिरता आले की लेंड्या, कुरतडलेला भुसा लगेच दिसतो. पोती आडवी-उभी एकाआड एक रचली तर थप्पी सरकत नाही. जुने आधी, नवे नंतर, आणि जुने-नवे धान्य एका खोलीत शक्यतो नाहीच.

जुनी पोती उलटी करून झाडा, उकळत्या पाण्यात बुडवून काढा, कडक वाळवा. शिवणीतली अंडी-अळ्या त्याशिवाय जात नाहीत.

लहान उंदीर ६ मिलिमीटरच्या फटीतून जातो, मोठा १२ मिलिमीटरच्या. म्हणजे दाराखालून पेन्सिल सरकत असेल तर उंदीरही सरकतो. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी मारा, पाइप भिंतीत शिरतात तिथे जाळी कोंबून सिमेंट लावा. नुसत्या सिमेंटला ओले असतानाच उकरतात. उंच मचाणाच्या कोठीला पाय एक मीटरचे हवेत आणि प्रत्येक पायावर उलट्या नरसाळ्यासारखा पत्रा. शेजारी काठी, शिडी किंवा पोते टेकून ठेवले तर त्या पत्र्याला काही अर्थ राहत नाही.

सापळे भिंतीला काटकोनात, दाण्याची बाजू भिंतीकडे. विषारी आमिष धान्याच्या खोलीत ठेवू नका, ते सांडून धान्यात मिसळण्याचा धोका असतो. उंदीर जेवढे खातो त्याच्या कितीतरी पट धान्य मूत्र आणि लेंड्यांनी नासवतो, त्यामुळे "चार दाणे खाल्ले" म्हणून सोडून देऊ नये.

भुंगेरा_तज्ज्ञ

तपासणीचे राहिले. उबदार दिवसांत दर पंधरा दिवसांनी, थंडीत महिन्यातून एकदा. पोत्यात पारखी (टोकदार पोकळ नळी) खुपसून चार कोपरे आणि मध्य अशा पाच जागांचे नमुने घ्या, २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळून खाली पडलेले किडे पांढऱ्या कागदावर मोजा. लोखंडी गज पोत्यात दहा मिनिटे खुपसून ठेवा आणि काढून हात लावा. आजूबाजूच्यापेक्षा गरम लागला तर आत कीड किंवा बुरशी काम करते आहे.

आणि सगळ्यात स्वस्त परीक्षा: भरतानाच प्रत्येक खेपेतले अर्धा किलो धान्य काचेच्या बरणीत घ्या, तोंडाला दाट कापड बांधा आणि उबदार जागी ३५-४० दिवस ठेवा. दाण्याच्या आत लपलेली कीड असेल तर बरणीत बाहेर पडते. कोठीतल्या धान्याचे काय होणार ते त्यावरून वेळेत कळते.

रानवाट

शेवटचा प्रश्न. कीड किंवा बुरशी लागूनच गेली असेल तर काय वाचवता येते? बुरशी लागलेले जनावरांना घालतात, ते चालते का?

शेंगदाणी

कीड आणि बुरशी यांचे उत्तर वेगळे आहे.

नुसती कीड असेल तर धान्य कोठारापासून लांब नेऊन चाळा, कचरा तिथेच जाळा किंवा उकळत्या पाण्यात टाका, वर लिहिलेल्या प्लास्टिकच्या पद्धतीने तापवा, थंड करा, पुन्हा चाळा, मग हवाबंद भरा. थोडे असेल तर फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर आठवडाभर. काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड दाण्यांवर हवेतले पाणी जमते. भोके पडलेले दाणे बियाण्यातून बाजूला काढा.

बुरशी असेल तर सावध. शेंगदाणा आणि मका यांवर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची पिवळसर हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते. ते यकृताला घातक आणि कर्करोगकारक आहे. शिजवून, भाजून ते पूर्ण नष्ट होत नाही. बुरशी घासून, धुऊन, ऊन दाखवून काढली तरी दाण्यात उतरलेले विष तिथेच राहते. शेंगदाण्यात विष मोजक्या दाण्यांत एकवटलेले असते, म्हणून सुरकुतलेले, रंग बदललेले, फुटलेले, कडवट दाणे वेचून काढल्याने मालातले प्रमाण बरेच घटते. हे वेचणे खरोखर उपयोगी आहे. पण ढिगाला वास येत असेल, दाणे एकमेकांना चिकटले असतील तर वेचून सुटका नाही.

जनावरांना घालू नका. दुभत्या जनावराच्या पोटात गेलेले अफ्लाटॉक्सिन एम१ या रूपात दुधात उतरते, आणि कोंबड्या, बदके तर त्याला फारच नाजूक. वेचून काढलेले खराब दाणे तेल काढायलाही देऊ नयेत, कारण विषाचा मोठा भाग पेंडीत राहतो आणि पेंड पुन्हा जनावरांकडेच जाते. हे दाणे गोठ्यापासून आणि कोंबड्यांपासून लांब खड्ड्यात पुरून टाका, हाताळताना नाकातोंडावर कापड बांधा, आणि ज्या पोत्यात होते ते पोते पुन्हा धान्याला वापरू नका.